म्हाताऱ्या कोंबडीचा निरोप

फेब्रुवारी २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीत कावळे मरून पडू लागले. नमुने प्रयोगशाळेत गेले आणि निदान आलं ते बर्ड फ्लूचं. त्याआधी जानेवारीत शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, असेच कावळे मेले होते आणि तिथंही कारण हेच निघालं होतं. तेरणा साखर कारखान्यामुळे आणि तेरच्या शेजारामुळे ओळखलं जाणारं ढोकी अशा रीतीनं रोगाच्या बातम्यांत आलं. अशी बातमी आली की किती पक्षी मेले, चिकनचा भाव किती उतरला, खाल्लं तर चालेल का, हे सगळं विचारलं जातं. परसात फिरणाऱ्या, अंडी द्यायचं केव्हाच थांबलेल्या आणि तरीही घरात राहिलेल्या म्हाताऱ्या कोंबडीचं काय, हे मात्र कुणी सहसा विचारत नाही. मला तो प्रश्न मोठा वाटतो. त्यासाठी हा संवाद रचला आहे. यातले मामा ऊस-सोयाबीन करणाऱ्या, कोंबडीकडे व्यवहारानं पाहणाऱ्या माणसाची बाजू मांडतात. भाची जे बोलते ते माझं म्हणणं आहे. मामांचे आक्षेप मी मऊ केलेले नाहीत, कारण ते मऊ करून दिलेलं उत्तर उत्तर ठरत नाही.

मामा : कोंबडीला निरोप द्यायचा म्हणायलीस, पण कशासाठी? बैलाला आपण पोळ्याला ओवाळतो, कारण त्यानं वर्षभर मान मोडून शेत केलेलं असतं. कोंबडीच्या नावानं आपल्याकडं सण नाही. तिच्या वाट्याला येतो तो आखाड, जत्रा, नाहीतर कुणाचा तरी नवस. कोंबडी म्हणजे घरच्या बाईच्या हातातला अडीनडीचा पैसा. अंडी दिली तर अंडी विकायची, पाहुणा आला तर कोंबडी कापायची, पोराची फी भरायची असली तर बाजारात न्यायची. हे शंभर वर्षं चालत आलंय आणि त्यात कुणाला काही वाईट वाटलेलं नाही. आता शहरात दोन कोंबड्या पाळून त्यांना नावं ठेवणारे लोक झालेत, त्यांचं रडणं तू ढोकीच्या परसात आणायलीस.

भाची : मामा, अंड्यांपासूनच सुरुवात करू. कोंबडी पाच महिन्यांच्या आसपास अंड्यावर येते. व्यापारी शेडमधली कोंबडी दीड-पावणेदोन वर्षांची झाली की तिला बाहेर काढतात, कारण त्यानंतर अंडी कमी होतात आणि खाद्य तेवढंच लागतं. तिथं हिशेब तिच्या आयुष्याआधीच ठरलेला असतो. परसातल्या गावरान कोंबडीचं तसं नसतं. मानमोडीचा रोग, मुंगूस आणि कुत्रं यांतून वाचली तर ती पाच ते आठ वर्षं सहज जगते, कधी त्याहून जास्त. अमेरिकेत मिशिगनमध्ये एक कोंबडी एकविसाव्या वर्षापर्यंत जगल्याची नोंद गिनेस बुकात आहे. म्हणजे अंड्यांचा भर ओसरल्यावरही तिचं निम्मं आयुष्य शिल्लक असतं, आणि ते रिकामं नसतं. वर्षातून दोन-तीनदा ती खुडूक होते. दुसऱ्या कोंबडीची अंडी तिच्याखाली रवणाला ठेवता येतात, एकवीस दिवस ती ती उबवते आणि पिल्लांना घेऊन फिरते. आकाशात घार दिसली की तिच्या ओरडण्यानं सगळं अंगण सावध होतं. उकिरड्यातले किडे, सांडलेले दाणे, भाकरीचे तुकडे वेचून ती स्वतःचं पोट भरते. व्यवहारच बघायचा तर तोही नीट, पूर्ण बघू. पण माझा मुद्दा तिच्या उपयोगाचा नाही, ती संपताना काय होतं त्याचा आहे. कोंबडी खायची बंद झाली, पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, की बहुतेक घरांत तीनपैकी एक गोष्ट घडते. एक तर तिला तशीच मरू देतात, नाहीतर मरायच्या आत घाईनं विकून टाकतात, आणि मेली तर ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकतात. तिन्हींच्या मागं कारण एकच असतं : तिचे शेवटचे दिवस ही कुणाचीच जबाबदारी नसते. निरोप देणं म्हणजे ती जबाबदारी आपल्यावर घेणं, एवढंच मी म्हणते.

मामा : जबाबदारीचं बोललीस ते ठीक. पण निरोप तर ज्याला कळतो त्याला द्यायचा असतो. कोंबडीला काय कळतं? आज कापली तर उद्या दुसऱ्या कोंबड्या त्याच जागी दाणे टिपायला येतात. त्यांना दुःख नाही, आठवण नाही. माणसानं आपलं मन तिच्यात घालायचं आणि मग म्हणायचं की तिला वाईट वाटलं, हे मला पटत नाही.

भाची : निरोप कळतो असं मी म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. पण कोंबडीला काहीच कळत नाही, हे म्हणणं आता टिकत नाही. नॉर्वेच्या थॉर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी कोंबड्यांच्या कळपातली उतरंड १९२१ च्या सुमारास मांडली. कोण कुणाला टोचणार आणि कुणी बाजूला व्हायचं हे ठरलेलं असतं, आणि प्रत्येक कोंबडी कळपातल्या बाकीच्या कोंबड्यांना वेगवेगळं ओळखते म्हणूनच ते टिकतं. इटलीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं पडद्याआड गेलेल्या वस्तूंचं कमी-जास्त लक्षात ठेवतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात २०११ मध्ये एक साधा प्रयोग झाला. पिल्लांच्या अंगावर हवेचा हलका झोत सोडला, तेव्हा बघत उभ्या असलेल्या कोंबडीच्या हृदयाचे ठोके वाढले, ती जास्त सावध झाली आणि पिल्लांना हाका मारू लागली. संशोधकांनी याला शोक म्हटलं नाही, मीही म्हणणार नाही. पण भीती आणि वेदना तिला होतात, आणि दुसऱ्याला, निदान स्वतःच्या पिल्लाला, झालेला त्रासही तिच्यापर्यंत पोचतो, एवढं त्यातून ठरतं. म्हणून निरोपाचा पहिला भाग तिच्यासाठी असतो : शेवटचे दिवस तिला भुकेनं, उन्हानं, टोचणाऱ्या तरण्या कोंबड्यांच्या धाकानं काढावे लागू नयेत. उतरंडीत वर असलेली कोंबडी थकली की खालच्या तिच्यावर उलटतात, हे खुराड्यापाशी बसणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. दुसरा भाग घरातल्या माणसांचा. ज्या बाईनं सहा-सात वर्षं रोज संध्याकाळी मोजून कोंबड्या आत घेतल्या, तिला एक कमी झालेली कळते. ते कळणं खोटं ठरवायचं काही कारण नाही.

मामा : मग रविवारी त्याच घरात अर्धा किलो चिकन येतं, त्याचं काय? एका कोंबडीसाठी हळहळायचं आणि दुसरी तव्यावर परतायची. ज्याला खरंच वाईट वाटतं त्यानं माळ घालावी, माळकरी व्हावं. अर्धवट दया मला खोटी वाटते.

भाची : वारकऱ्यांनी माळ घातली त्यामागं मोठा विचार आहे, त्याला मी हात लावत नाही. पण अर्धवट दया खोटी असते हे मला मान्य नाही. जबाबदारी नात्यातून येते. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं आपण करत नाही, आपल्या घरातल्याचं करतो, म्हणून ते करणं खोटं होत नाही. शिवाय ज्या कोंबडीशी आपलं काही नातं नाही तिच्या बाबतीतही हात मोकळे नाहीत. प्राण्यांना विनाकारण वेदना देऊ नयेत हे १९६० च्या कायद्यानं खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या दोघांनाही सांगितलंय. आणि तुम्हाला कदाचित अपेक्षित नसेल असं एक म्हणते : म्हातारी कोंबडी धडधाकट असताना, तिचं खाणं-पिणं नीट चाललेलं असताना, सराईत हातानं घरीच एका झटक्यात कापली आणि चांगली शिजवून घरानं खाल्ली, तर तोही निरोपच आहे. मी त्याला कमी मानत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी घरांनी तसंच केलंय, आणि त्यात तिला काही दिवस कण्हत ठेवण्यापेक्षा जास्त दया आहे. माझा विरोध वेगळ्या ठिकाणी आहे. जी आजारी आहे, जिचं खाणं सुटलंय, ती ना हंड्यात जायला हवी, ना बाजारात.

मामा : इथंच तुझं गणित बिघडतं. मांस शिजवून खाल्लं तर काही होत नाही हे सरकारच सांगतं. आणि मरायला टेकलेली कोंबडी विकून चार पैसे आले, तर गरीब माणूस ते का सोडील? तो काही जाहीर करून विकत नाही, पण विकतो. घेणाराही जाणूनच कमी भावात घेतो. हे तू थांबवू शकणार नाहीस.

भाची : सत्तर अंशांच्या वर नीट शिजवलेल्या मांसातला विषाणू मरतो, हे खरं आहे. पण पातेल्यात जाईपर्यंत काय काय होतं ते बघा. कोंबडी पिशवीत घालून, मोटरसायकलला टांगून बाजारात नेतात. तिथं ती दुसऱ्या गावांतल्या कोंबड्यांबरोबर एका पिंजऱ्यात बसते. तिची विष्ठा पिंजऱ्याला, हातांना, चपलेला लागते. मग कुणीतरी ती सोलतो, आतडी काढतो, पाणी बाहेर फेकतो. या सगळ्यात कुठंही सत्तर अंश नसतात. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. तो मोठ्या शेडचा भाग होता, त्यामुळे लोकांना वाटलं की हे शेडवाल्यांचं दुखणं आहे. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये तो परसातल्या कोंबड्यांत शिरला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातलं मुरुंबा, २०२५ च्या जानेवारीत उरणजवळचं चिरनेर : गावं आणि परसं बदलत गेली, गोष्ट तीच राहिली. आणि विषाणू पक्ष्यांपाशी थांबत नाही. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं गेल्याचं २०२५ च्या सुरुवातीला समोर आलं. माणसाला तो क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा एक मुलगा दिल्लीत दगावला, तो देशातला या विषाणूचा पहिला मानवी बळी. चार पैशांसाठी आजारी कोंबडी विकणाऱ्याला मी वाईट म्हणत नाही. पण ती विकली जाते, कारण तिच्या शेवटाची दुसरी कुठली रीतच घरात नाही. ती रीत घातली तर विकण्याचं एक कारण कमी होतं.

मामा : नुसत्या रीतीनं पोट भरत नाही.

भाची : म्हणून पैशांचंही बोलू. २०२१ च्या साथीत राज्यानं भरपाईचे दर जाहीर केले होते. आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, त्याखालच्या पिल्लाला २०. मांसाच्या सहा आठवड्यांवरच्या कोंबडीला ७०. नष्ट केलेल्या अंड्याला ३ रुपये. गावरान कोंबडीच्या बाजारभावापुढं ९० रुपये फारच थोडे होते, दर त्याहून जास्त हवा, यात तुमचं-माझं दुमत नसेल. पण या तक्त्यात एक गोष्ट मला लक्षात घेण्यासारखी वाटते. आठ आठवडे ओलांडले की पुढं वय विचारत नव्हते. दहा महिन्यांची भरात असलेली तलंग आणि सात वर्षांची अंडी थांबलेली कोंबडी, दोघींचा दर एकच. ती आता अंडी देते का, असा रकाना त्यात नव्हता. दुसरी गोष्ट अशी की भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्याची, आधीच मेलेल्याची नाही. जो लपवून बसला आणि ज्याच्या कोंबड्या चार दिवसांत मरून गेल्या, त्याच्या हाती काहीच येत नाही. ज्यानं पहिल्याच दिवशी कळवलं त्याला निदान काही मिळतं. आणि कळवणं हे कर्तव्यही आहे. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानं ते मालकावर टाकलंय. परसातल्या कोंबड्या देशात थोड्याथोडक्या नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत त्या जवळपास ३१ कोटी ७० लाख भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. एवढा मोठा कळप सरकारी माणसांच्या नजरेखाली राहूच शकत नाही. तो घरातल्या बाईच्या नजरेखाली असतो. रोग वेळेत कळायचा तर तो तिच्याकडूनच कळणार. कोंबडी गेली तर गेली, असं शिकवलेली बाई एका मेलेल्या कोंबडीसाठी फोन का करील? एकेका कोंबडीचं मरण जिला मोजावंसं वाटतं, तीच करील.

मामा : आता मी माझा खरा आक्षेप सांगतो. तुझं सगळं बोलणं जीव लावण्यावर उभं आहे, आणि जीव लावणारेच लपवतात. बंगालमध्ये कोंबड्या मारणारी पथकं आली तेव्हा लोकांनी कोंबड्या घरात, खाटेखाली, नातेवाइकांकडं लपवल्या. पोरं कोंबड्या काखेत घेऊन पळाली. ज्याला कोंबडी म्हणजे नुसता माल वाटतो तो ९० रुपये घेऊन मोकळा होतो. माया वाढवलीस तर लपवणं वाढेल. रोगाच्या दिवसांत कोरडं मनच कामाला येतं.

भाची : हा आक्षेप वजनाचा आहे आणि मी तो टाळणार नाही. माया लपवायला लावते हे खरं. पण कोरडं मन लपवत नाही, हे खरं नाही. ते विकतं. तशा माणसाला माल वाचवायचा असतो, म्हणून पथक यायच्या आत तो कोंबड्या बाजारात काढतो. खाटेखाली लपवलेली कोंबडी त्या घराला धोका आहे, कधी पाहुण्याच्या गावालाही. रातोरात व्यापाऱ्याला दिलेली कोंबडी चार बाजार फिरते. दोन्ही वाईट, पण रोग दूर नेण्यात दुसरी पुढं आहे. आणि माया ही कुणी वाढवायची-कमी करायची गोष्ट नाही, ती परसात आधीपासून आहेच. काखेत कोंबडी घेऊन पळणाऱ्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं. प्रश्न असा की त्या मायेला आपण कोणती वाट देतो. पोरानं आजवर एवढंच पाहिलेलं असेल की मेलेली कोंबडी फेकतात आणि जिवंत कोंबडी अनोळखी माणसं पोत्यात भरून नेतात, तर ते पळणारच. पण त्यानं घरात एकदा तरी पाहिलं असेल की आजारी कोंबडी वेगळी ठेवली, डॉक्टर आले, तिला त्रास होत होता म्हणून तिचं दुखणं थांबवलं, खड्डा खणला आणि आईनं त्याला खरं सांगितलं, तर मारणं म्हणजे दर वेळी क्रूरपणा नसतो हे त्याला कळलेलं असतं. ‘मुंगसानं नेली’ असं सांगून वाढवलेल्या पोरांना हे कळायला जागाच राहत नाही.

मामा : बरं, मग ही रीत तरी सांग. दहावं-तेरावं घालायचं का?

भाची : नाही, त्यात विधी काही नाही. आधी ओळखायला शिकायचं. म्हातारी कोंबडी हळूहळू खचत जाते. तुरा फिका पडतो, वजन उतरतं, ती खुराड्याच्या दांडीवर चढत नाही, कळपापासून दूर बसते. कोंबडी हा सावज म्हणून जगलेला पक्षी, त्यामुळे दुखणं शेवटपर्यंत लपवते. ते दिसायला लागलं म्हणजे बहुतेक वेळा पुष्कळ पुढं गेलेलं असतं. पोटात अंड्याचा बलक फुटून सूज येते, अंडं अडकतं, अंडाशयात गाठ होते. कोंबडीला अंडाशयाचा कर्करोग आपोआप होतो, म्हणून बायकांच्या त्या रोगाचा अभ्यास करणारे संशोधक कोंबड्यांवरच काम करतात. अशा कोंबडीला वेगळं ठेवायचं, सावली द्यायची, पाणी चोचीजवळ ठेवायचं, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायचं. बरी होणारी असेल तर औषध, नसेल तर शेवट. तो डॉक्टरच्या इंजेक्शननं व्हावा, नाहीतर मान अचूक सरकवता येणाऱ्या सराईत हातानं. तसं नीट केलं तर शुद्ध लगेच हरपते. पाण्यात बुडवणं, दगडानं ठेचणं, उन्हात टाकून वाट बघणं, यातलं काही नाही. बुडवणारा माणूस दुष्ट असतो असं नाही, त्याला दुसरं काही माहीत नसतं. या पद्धती लोकांना शिकवायला हव्यात. कोंबड्यांच्या लसीबद्दल सांगायला येणाऱ्यांनी त्यांच्या शेवटाबद्दलही चार वाक्यं सांगितली तर बिघडणार नाही.

मामा : आणि ती म्हातारपणानं चाललीय की रोगानं, हे आमच्यासारख्यानं कसं ओळखायचं?

भाची : पूर्ण खात्रीनं नाही ओळखता येत, पण फरक मोठा असतो. एक म्हातारी कोंबडी आठवडाभर खचत जाते, बाकीच्या ठणठणीत असतात, ते बहुधा वयाचं दुखणं. पण काल चांगली असलेली आज मेली, एका-दोन दिवसांत आणखी तीन-चार गेल्या, तुरा निळा पडला, डोकं सुजलं, नाकातोंडातून पाणी आलं, किंवा जवळपास कावळे मरून पडलेत, अशा वेळी तिला उचलायचं नाही, जवळ घ्यायचं नाही, पोरांना तिकडं जाऊ द्यायचं नाही, आणि १९६२ वर किंवा दवाखान्यात फोन करायचा. रोग बर्ड फ्लू असेल किंवा मानमोडी असेल, दोन्ही वेळी घरी अंदाज बांधत बसण्यात वेळ जातो. निदान प्रयोगशाळेचं. शेवटचा शब्द भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा.

मामा : मेलेली उकिरड्यावर टाकली तर काय बिघडतं? मातीच होते ना तिची.

भाची : माती व्हायच्या आधी कावळा येतो. कुत्रं येतं, मांजर येतं. कावळा मेलेलं खातो हा त्याचा दोष नाही, गावाची साफसफाई करणारा तो पक्षी आहे. ढोकीत आणि उदगीरात बळी गेला तो त्याचाच. उघड्यावर फेकलेला प्रत्येक मेलेला पक्षी हा रोग एका परसातून दुसऱ्या परसात जायची वाट असतो, आणि ती वाट बंद करायला एक खड्डा पुरतो. विहिरीपासून, बोअरपासून लांब, कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल, वरून चुना, मग माती. हात साबणानं धुवायचे, कपडे बदलायचे. डोळ्यांत पाणी आणून केलं काय आणि न आणता केलं काय, ते काम तेवढंच लागतं. फरक एवढाच की कोंबडी ज्याला घरातली वाटते तो खड्डा खोल खणतो.

मामा : आता सगळ्यात अवघड राहिलं. आजारी कोंबडीचं तू सांगितलंस, पण माझी सात वर्षांची कोंबडी ठणठणीत आहे, आणि कुठल्या तरी दुसऱ्याच्या शेडमध्ये रोग सापडला म्हणून ती मारणार. हा निरोप कसला? हा तर जुलूम.

भाची : तिथं मला सोपं उत्तर नाही. केंद्र सरकारच्या आराखड्यात रोग सापडलेल्या जागेभोवतीचा एक किलोमीटर बाधित क्षेत्र धरतात आणि त्यापुढं दहा किलोमीटरपर्यंत पाहणी करतात. नुसत्या कावळ्यांत विषाणू सापडला म्हणून परसातल्या कोंबड्या मारायला सुरुवात होत नाही. आधी नमुने घेतात, लक्ष ठेवतात. पण कोंबड्यांत सापडला की त्या एका किलोमीटरातली आजारी-निरोगी, तरणी-म्हातारी सगळी जातात. कारण लक्षणं दिसायच्या आधीच विषाणू बाहेर पडू लागतो, आणि कोणती कोंबडी वाचेल हे थांबून बघायला वेळ नसतो. त्या वर्तुळातून तुमची म्हातारी कोंबडी वगळा, असं मी म्हणणार नाही. एक वगळली तर शंभर वगळाव्या लागतील. माझी मागणी वेगळी आहे. पथक येण्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघर सांगावं की उद्या सकाळी येतोय, कशासाठी येतोय, पैसे कधी आणि कुणाच्या नावावर मिळतील. कोंबड्या बाईच्या असतील तर पैसे तिच्याच खात्यात जावेत. घरच्यांना एक रात्र तरी मिळावी.

मामा : आदल्या संध्याकाळी सांगितलंस की सकाळपर्यंत निम्म्या कोंबड्या पाहुण्यांच्या गावात असतील. मघाशी बंगालचं बोललो तेच इथं होईल. तू स्वतःच म्हणालीस की रोग माणसांच्या हातूनच दूर जातो. तुझी ती एक रात्र म्हणजे रोगाला दिलेली एक रात्र.

भाची : बरोबर आहे तुमचं. ती मागणी मी मागं घेते. आधी रस्ते बंद व्हावेत, पक्ष्यांची ने-आण थांबावी आणि सांगणं त्याच वेळी दारात व्हावं. पण दारात सांगणं आणि दारातून ओढून नेणं यांत जो थोडा वेळ असतो, तो मी सोडणार नाही. पथकातल्या एकानं घरच्या बाईशी आधी बोलावं, किती कोंबड्या ते तिच्यासमोर मोजून लिहून तिला पावती द्यावी, आणि खुराड्याचं दार तिला उघडायचं असेल तर मास्क-हातमोजे देऊन उघडू द्यावं, नको असेल तर तिला आणि पोरांना घरात जाऊ द्यावं. मारणं त्यांच्यासमोर नको. दर घरामागं याला दहा मिनिटं जास्त लागतील.

मामा : दोनशे घरांचं गाव असलं तर दोन हजार मिनिटं. तेहतीस तास. पथकात माणसं किती असतात, माहीत आहे का तुला?

भाची : कमी असतात. म्हणून पथकं वाढवावी लागतील आणि त्याचा खर्च सरकारला पडेल. तो पडावा असंच माझं म्हणणं आहे. कारण पुढच्या वेळी त्याच गावात एखादी कोंबडी अवचित मरेल, तेव्हा फोन करायचा की गुपचूप फेकायची हे ती बाई ठरवणार आहे, आणि मागच्या वेळी तिच्या दारात आलेली माणसं तिच्याशी कशी वागली यावरच ती ते ठरवील.